विवेक की मर्जी?

इंग्रजीतील 'डिस्क्रीशन' या शब्दासाठी आपण विवेक, तारतम्य, स्वेच्छाधिकार, मर्जी असे निरनिराळे शब्द वापरतो. हे शब्द एका अर्थाचे नाहीत, आणि त्यांच्यातील अंतराची किंमत दलित समाजाने मोजलेली आहे.

'विवेक' हा 'विच्' या संस्कृत धातूपासून आला. अर्थ वेगळे करणे, निवडणे. 'डिस्क्रीशन'चे लॅटिन मूळही तेच सांगते. म्हणजे मुळात हे खरेखोटे पाखडण्याचे काम आहे, आणि पाखडणाऱ्याला कारण द्यावे लागते. अरबीतून आलेल्या 'मर्जी'ला कारण लागत नाही. 'तारतम्य' तर 'तर' आणि 'तम' या प्रत्ययांतून बनले: एकाहून दुसरा वरचा, त्याहून तिसरा वरचा. गावाने आम्हाला 'तारतम्याने वागा' म्हटले, तेव्हा 'पायरी ओळखून राहा' हेच सांगितले.

सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा बोले ठराव मुंबई कायदेमंडळात ४ ऑगस्ट १९२३ रोजी संमत झाला. त्यात शिफारस होती, सक्ती नव्हती. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे खुले केले, पण ते कागदावर. पाण्याला हात लागायला २० मार्च १९२७ उजाडावा लागला.

१९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याने कलम ४ मध्ये कर्तव्यात कसूर करणाऱ्या अधिकाऱ्यालाही शिक्षा सांगितली. २०१५ च्या दुरुस्तीने ती कर्तव्ये स्पष्ट केली: तक्रार नोंदवणे, ती वाचून दाखवणे, प्रत देणे. यात निवडीला जागा नाही. तरीही २० मार्च २०१८ रोजी, महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने गुन्हा नोंदवण्यापूर्वी प्राथमिक चौकशीची आणि अटकेपूर्वी मंजुरीची वाट मोकळी केली. त्याच वर्षी संसदेने कलम १८-अ घालून ती बंद केली, आणि २०२० मध्ये न्यायालयाने ते कलम वैध ठरवले.

मग स्वेच्छाधिकार नकोच काय? तसे नव्हे. प्रत्येक प्रसंग कायद्यात आधी लिहून ठेवता येत नाही. न्यायाधीशाला विवेक हवाच. पण ज्या निर्णयाचे कारण लेखी मिळते आणि ज्याविरुद्ध दाद मागता येते, तोच विवेक. बाकी सारी मर्जी. साहेबाने 'तो माझा अधिकार आहे' म्हटले, की आपण एवढेच विचारावे: कारण लिहून देता काय?