चार मिलिमीटरचा पीळ

गेल्या हिवाळ्यात अमेरिकेत शिकणाऱ्या माझ्या भाच्याचा फोन आला. त्याने एक जुनी मोटार घेतली आहे. वळणावर ती फार कलते, म्हणून मागच्या बाजूला बसवण्यासाठी त्याने एक जाड ‘स्वे बार’ मागवली होती आणि येत्या रविवारी घराच्या आवारात तो ती स्वतःच बसवणार होता. तिकडे मजुरी महाग, त्यामुळे अशी कामे घरच्या घरी उरकण्याची पद्धतच आहे. जुनी दांडी १६ मिलिमीटर जाडीची होती, नवी २० मिलिमीटरची. मी जरा का-कू केली तेव्हा तो म्हणाला, “मामा, चार मिलिमीटरने असा काय फरक पडणार आहे?”

प्रश्न साधा आहे, पण त्याचे उत्तर देताना बल, आघूर्ण, घर्षण आणि स्थितिस्थापकता असे आपल्या शालेय पदार्थविज्ञानातले चार धडे एकत्र येतात. म्हणून ते उत्तर येथे सविस्तर देत आहे.

गाडी कलते म्हणजे काय होते?

घाटातल्या वळणावर एस.टी. बाहेरच्या बाजूला झुकते, हे आपण सर्वांनी अनुभवले आहे. गाडी वळते ती रस्त्याने टायरवर आतल्या दिशेने लावलेल्या घर्षणबलामुळे. हे बल जमिनीलगत लागते, पण गाडीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून बराच वर असतो. त्यामुळे गाडीला बाहेरच्या बाजूला उलथवू पाहणारे आघूर्ण निर्माण होते. परिणामी आतल्या चाकांवरचा भार कमी होतो आणि बाहेरच्या चाकांवरचा तेवढाच वाढतो.

किती, ते पाहू. समजा, गाडीचे वस्तुमान १,००० किलोग्रॅम आहे, गुरुत्वमध्य अर्धा मीटर उंचीवर आहे आणि डाव्या-उजव्या चाकांमधले अंतर १.४ मीटर आहे. ३० मीटर त्रिज्येचे वळण ही गाडी ताशी ३९ किलोमीटर वेगाने घेत असेल, तर तिचे अभिकेंद्री त्वरण गुरुत्वत्वरणाच्या सुमारे ०.४ पट येते. मग एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे जाणारा भार १,००० × ०.४ × ०.५ ÷ १.४, म्हणजे सुमारे १४३ किलोग्रॅम होतो. सरळ रस्त्यावर प्रत्येक बाजूवर ५०० किलो होते. वळणावर आत ३५७ आणि बाहेर ६४३ झाले. बाहेरच्या स्प्रिंगा दबल्या, आतल्या उचलल्या, आणि गाडी कलली.

दांडीचे काम

कलणे कमी करायचे तर स्प्रिंगाच कडक कराव्यात, असे कोणीही म्हणेल. पण मग प्रत्येक खड्ड्याचा हादरा थेट पाठीला बसेल. गाडी एका बाजूला कलेल तेव्हा कडक आणि दोन्ही चाके एकदम उचलली जातील तेव्हा मऊ, अशी स्प्रिंग हवी. ही करामत स्वे बार करते. आपले मेकॅनिक हिला ‘स्टॅबिलायझर’ म्हणतात. कॅनडातील स्टीफन कोलमन यांनी १९१९ साली अशा रचनेचे पेटंट घेतले होते.

ही इंग्रजी ‘यू’ अक्षराच्या आकाराची पोलादी दांडी असते. तिचा मधला लांब भाग गाडीच्या आडव्या दिशेने असतो आणि दोन रबरी बुशांमधून गाडीच्या सांगाड्याला धरलेला असतो. दोन्ही टोकांचे वाकलेले हात लहान लिंकांनी डाव्या व उजव्या चाकाच्या आर्मना जोडलेले असतात. गतिरोधकावर दोन्ही चाके एकदम वर गेली, तर दांडी बुशांमध्ये नुसती फिरते आणि विरोध करत नाही. वळणावर मात्र एक हात वर जाऊ पाहतो, दुसरा खाली. मग दांडीला पीळ बसतो. पीळ सोडवण्याची तिची धडपड म्हणजेच कलण्याला होणारा विरोध.

चौथा घात

आता भाच्याच्या चार मिलिमीटरकडे वळू. तारेला पीळ देण्यासाठी लागणारे आघूर्ण कशावर अवलंबून असते, याचा पद्धतशीर अभ्यास कूलोम या फ्रेंच शास्त्रज्ञाने केला आणि १७८४ मध्ये मांडला. विद्युतप्रभारांमधील बलाच्या नियमामुळे आपण ज्याला ओळखतो तोच हा कूलोम. त्याला आढळले, की हे आघूर्ण पिळाच्या कोनाच्या समप्रमाणात, लांबीच्या व्यस्त प्रमाणात आणि जाडीच्या चौथ्या घाताच्या समप्रमाणात असते.

चौथाच घात का? दांडीची जाडी दुप्पट केली अशी कल्पना करा. छेदाचे क्षेत्रफळ चौपट झाले, म्हणजे पिळाला विरोध करणारे पोलाद चौपट झाले. त्याच कोनातून पीळ दिला तर अक्षापासून दुप्पट अंतरावरचा कण दुप्पट सरकतो, म्हणून त्याचा विरोध दुप्पट. आणि हा विरोध अक्षापासून दुप्पट अंतरावर लागतो, म्हणून आघूर्ण आणखी दुप्पट. ४ × २ × २ = १६, म्हणजेच दोनाचा चौथा घात.

भाच्याच्या दांड्यांचे गुणोत्तर २० ÷ १६ = १.२५. त्याचा चौथा घात २.४४. जाडी चतुर्थांशाने वाढली, पण दांडी जवळजवळ अडीच पट कडक झाली! डोळ्यांना चार मिलिमीटर दिसतात, गाडीला मात्र वेगळेच काही जाणवते.

कलणे घटते, भार नाही

येथे एक मोठा गैरसमज दूर केला पाहिजे. जाड दांडी बसवली की बाहेरच्या चाकांवर जाणारा भार कमी होतो, असे अनेकांना वाटते. वरचे गणित पुन्हा पाहा. त्यात वस्तुमान, उंची, त्वरण आणि चाकांमधले अंतर आहे, दांडी कोठेच नाही. १४३ किलो सरकणार ते सरकणारच. दांडी ठरवते ते एवढेच, की त्यातले पुढच्या चाकांच्या जोडीने किती उचलायचे आणि मागच्या जोडीने किती. गाडीचा सांगाडा ताठ असल्यामुळे पुढे व मागे तो सारख्याच कोनातून कलतो. मग जी बाजू कडक, तिच्या वाट्याला जास्त भारबदल येतो.

याने बिघडते काय? घर्षणबल लंब भाराच्या समप्रमाणात असते, असे आपण वर्गात शिकवतो. रबरी टायरच्या बाबतीत हे पूर्ण खरे नाही. भार वाढेल तशी टायरची पकड वाढते, पण त्या प्रमाणात वाढत नाही. समजुतीसाठी काही आकडे घेऊ. २५० किलो भार असलेला टायर २२५ किलोइतकी पकड देतो, १५० किलोचा १४४ आणि ३५० किलोचा २९४ देतो, असे समजा. दोन्ही टायरांवर २५०-२५० किलो असताना एकूण पकड ४५० होती. भार १५० आणि ३५० असा विभागला की ती ४३८ उरते. एकूण भार ५०० किलोच आहे, पण पकड घटली. ज्या जोडीवर भारबदल जास्त, तिची पकड आधी सुटते.

आता चित्र स्पष्ट होईल. पुढची दांडी कडक केली तर पुढची चाके आधी घसरतात. स्टिअरिंग फिरवूनही गाडी हवी तेवढी वळत नाही. अशा वेळी चालक सहजप्रवृत्तीने वेग कमी करतो आणि बहुधा निभावते. मागची दांडी कडक केली तर गाडीचे शेपूट आधी सुटते आणि गाडी स्वतःभोवती गर्रकन फिरू शकते. अशा वेळी घाबरून ॲक्सिलरेटर सोडला किंवा ब्रेक दाबला, तर भार पुढे जातो, मागची पकड आणखी कमी होते आणि संकट वाढते. म्हणूनच कारखाने सर्वसाधारण गाड्या पुढची चाके आधी घसरतील अशाच बनवतात. ओल्या रस्त्यावर तर पकड मुळातच कमी असते.

कॉर्व्हेअरची गोष्ट

हे केवळ कागदावरचे गणित नाही. अमेरिकेत शेव्हरोले कंपनीने १९६० सालासाठी कॉर्व्हेअर ही मागे इंजिन असलेली मोटार आणली. तिचे साठ टक्क्यांहून अधिक वजन मागच्या चाकांवर होते आणि मागच्या आसांची रचना अशी होती, की जोराच्या वळणावर बाहेरचे मागचे चाक आत दुमडू शकत असे. सुरुवातीच्या गाड्यांना पुढची स्वे बार नव्हती. त्याऐवजी पुढच्या टायरांत १५ आणि मागच्या टायरांत २६ पौंड हवा भरण्याची सूचना होती. पुढच्या टायरांची पकड मुद्दाम कमी ठेवून मागची बाजू सांभाळण्याचा तो उपाय होता. पण चारही टायरांत सारखी हवा भरण्याची सवय असलेल्या माणसाला यातले गांभीर्य कसे कळावे?

१९६४ च्या गाड्यांना कंपनीने पुढची स्वे बार आणि मागे एक आडवा पाटा मुळातच बसवला. १९६५ मध्ये राल्फ नेडर यांनी ‘अनसेफ ॲट एनी स्पीड’ या पुस्तकाच्या पहिल्याच प्रकरणात या गाडीवर टीकेची झोड उठवली. पुढे १९७२ मध्ये सरकारी चाचण्यांच्या अहवालाने या गाड्या त्या काळच्या इतर गाड्यांपेक्षा विशेष धोकादायक नव्हत्या, असा निष्कर्ष काढला. वाद बाजूला ठेवला तरी एक गोष्ट उरते: पुढच्या आणि मागच्या पकडीतला समतोल ही गाडीची नाजूक बाब आहे.

घरी बसवायचीच तर

काम फार अवघड नसते, पण त्यातल्या प्रत्येक सूचनेमागे कारण आहे. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जाऊ नये. सपाट, टणक जमिनीवर, उरलेल्या चाकांना पाचरी लावून, गाडी भक्कम स्टँडांवर ठेवावी. त्या आसाची दोन्ही चाके सारख्याच उंचीवर असावीत. एकच चाक उचलले तर दांडीला पीळ बसतो, आणि लिंकचा बोल्ट सुटताच ती उसळून हातावर बसू शकते. नव्या दांडीला तिच्याच मापाचे बुश हवेत. जुन्या बुशात ती कोंबू नये. पॉलियुरेथेनचे बुश असतील तर त्यासाठीचे ग्रीस लावावे, पण रबरी बुशांना साधे खनिज तेलाचे ग्रीस लावू नये, त्याने रबर फुगते. सर्व बोल्ट आधी सैल बसवावेत. शेवटचे आवळणे गाडीचे वजन चाकांवर असताना, पुस्तिकेत दिलेल्या मापाने टॉर्क पाना वापरून करावे. ब्रेकच्या नळ्यांना दांडी कोठे घासत नाही ना, ते तपासावे आणि थोडे अंतर चालवल्यावर बोल्ट पुन्हा पाहावेत.

काही दांड्यांच्या हाताला दोन-तीन भोके असतात. हात जितका आखूड, तितकी दांडी कडक. २०० ऐवजी १८० मिलिमीटरचे भोक निवडले, तर कडकपणा सुमारे २३ टक्क्यांनी वाढतो, कारण येथे वर्गाचे प्रमाण लागते. सुरुवात नेहमी सर्वांत मऊ भोकापासून करावी आणि दोन्ही बाजूंना तेच भोक वापरावे. काही गाड्यांत पुढची दांडी चाकाला पुढे-मागे सरकण्यापासून धरण्याचेही काम करते. १९५० च्या फोर्ड कॉन्सलमधली मॅक्फर्सन रचना अशीच होती. तेथे घरी हात न घालणेच बरे. भारतात गाडीतील फेरफारांवर मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या ५२व्या कलमाची बंधने आहेत, हेही ध्यानात ठेवावे.

भाच्याला मी एवढेच सांगितले, “अरे, आधी जुन्या दांडीखाली जाऊन बघ तरी.” रविवारी रात्री त्याचा फोन आला. एका बाजूच्या लिंकचा बुश पार झिजून गेला होता, म्हणजे जुनी दांडी अर्धे कामच करत नव्हती. दोन्ही लिंक बदलल्यावर गाडीचे कलणे बरेच कमी झाले. जाड दांडी अजून खोक्यातच आहे.

वर्गात करून पाहा

दोन आणि तीन मिलिमीटर जाडीच्या लोखंडी तारांचे एकेक ‘यू’ वाकवा. मधला भाग ३० सेंटिमीटर, हात १० सेंटिमीटर. मधला भाग फळीच्या कडेवर दोन यू-खिळ्यांत सैलसर अडकवा आणि हात फळीबाहेर ठेवा. दोन्ही हात एकदम दाबून पाहा, मग एक वर आणि एक खाली करून पाहा. फरक बोटांनाच कळेल. नंतर एक हात घट्ट धरून दुसऱ्याच्या टोकाला १०० ग्रॅम वजन टांगा आणि टोक किती खाली आले ते मोजा. बारीक तारेचे टोक अडीच-तीन सेंटिमीटर उतरेल. जाड तारेचे किती उतरेल, हे मोजण्याआधी विद्यार्थ्यांना अंदाजाने लिहायला सांगा. दीडाचा चौथा घात पाचाच्या थोडा वर येतो. किती विद्यार्थ्यांचा अंदाज त्याच्या जवळ जातो, ते पाहणे उद्बोधक ठरेल.