तंबोऱ्यातला दुसरा सा

गेल्या वर्षीच्या दिवाळी पहाटेला जे वेळेवर आले होते (म्हणजे आपल्यापैकी निम्मे), त्यांना सुरुवातीची ती पंधरा-वीस मिनिटं आठवत असतील. पणत्या लागल्या होत्या, चहाचा वास येत होता, ताई स्टेजवर बसल्या होत्या आणि स्पीकरमधून तंबोऱ्याच्या जोडीला एक अखंड 'घुंऽऽऽ' चालू होता. ताईंनी दोनदा सा लावला, थांबल्या आणि म्हणाल्या, "हा दुसरा सा कुणाचा?"

सगळे हसले, पण प्रश्न अगदी अचूक होता. अमेरिकेतली वीज ६० हर्ट्झची. तिच्यामुळे येणाऱ्या आवाजात ६० आणि त्याच्या दुपटीचा १२० हर्ट्झ हे स्वर ठळक असतात. ताईंची पट्टी काळी पाच. खर्जातली काळी पाच ११६.५ हर्ट्झवर येते आणि पुढची पांढरी सात १२३.५ वर. म्हणजे १२० जवळजवळ मधोमध! धड हा सूर नाही, धड तो नाही. अशा सोबतीनं कुणी भटियार कसा गावा? (भारतात वीज ५० हर्ट्झची, तेव्हा तिथे हा त्रास पांढरी पाचवाल्यांना जास्त.)

आपला तंबोरा लॅपटॉपमधला होता. लॅपटॉपला यूएसबीनं ऑडिओ इंटरफेस जोडलेला आणि तिथून लांब केबल हॉलच्या मागच्या मिक्सरला. साउंड सांभाळणाऱ्या मुलानं लॅपटॉपचा चार्जर काढला, आवाज गेला. लावला, परत आला. निदान उत्तम झालं, उपचार मात्र भलताच निघाला. त्यानं खिशातून तीन पिनांच्या दोन करणारा छोटा अडॅप्टर काढला. "काका, हा लावतो. अर्थिंग तुटलं की हमिंग जातं."

मी जवळजवळ ओरडलोच. आवाज कदाचित गेला असता, हे खरं. पण अर्थिंगची तिसरी पिन शोभेसाठी नसते. उपकरणात बिघाड होऊन धातूच्या भागात वीज उतरली, तर ती माणसातून न जाता तारेतून जावी, म्हणून ती असते. १९७२ साली वेल्समधल्या स्वान्सी इथे लेस हार्वी हा गिटारवादक भर कार्यक्रमात मायक्रोफोनला हात लावताच विजेच्या धक्क्यानं गेला. अर्थिंग नीट नव्हतं. आपल्याकडे तर गाणारा माणूस माइकला हात लावतो आणि हार्मोनियमवाला त्याच्या शेजारीच बसतो. शेवटी आम्ही चार्जर काढून बॅटरीवर कार्यक्रम केला. भैरवी संपली तेव्हा ९ टक्के उरले होते. त्या शेवटच्या अर्ध्या तासात मी गाणं ऐकलं नाही, आकडे बघितले.

झालं होतं ते असं. चार्जर एका सॉकेटमध्ये, मिक्सर लांबच्या दुसऱ्या. दोन्हीकडे अर्थिंग असलं तरी दोन्ही ठिकाणचा दाब अगदी सारखा नसतो, काही मिलिव्होल्टांचा फरक असतोच. यूएसबी आणि ऑडिओ केबलनं ही दोन टोकं जोडली की एक गोल रस्ता तयार होतो आणि त्यातून प्रवाह फिरू लागतो. माइकमधून येणारा संकेतही काही मिलिव्होल्टांचाच, त्यामुळे ही घुसखोरी लगेच कानाला कळते.

अर्थिंग तोडल्यानं ही वाट बंद होते, पण दुसरी एक उरते. आजच्या चार्जरमध्ये विजेची बाजू आणि लॅपटॉपची बाजू यांच्यामध्ये एक छोटा कपॅसिटर मुद्दाम बसवलेला असतो. चार्जरच्या आतली अति-वेगवान उघडझाप रेडिओसारखी बाहेर पसरू नये म्हणून. तो साधारण २.२ नॅनोफॅरडचा धरला, तर १२० व्होल्ट, ६० हर्ट्झवर त्यातून जास्तीत जास्त १०० मायक्रोॲम्पिअर झिरपतात. भारतात २३० व्होल्ट, ५० हर्ट्झवर हाच हिशेब १६० पर्यंत जातो. पुण्याला भावाकडे दोन पिनांच्या चार्जरवर लॅपटॉप लावून धातूच्या झाकणावरून बोट फिरवताना ज्या झिणझिण्या येतात, त्या याच. धोकादायक नाहीत, पण ध्वनियंत्रणेच्या लेखी हा उपद्रवच.

यावर खरा इलाज म्हणजे लॅपटॉप आणि इंटरफेस यांच्यातला तांब्याचा धागाच तोडायचा, पण निरोप मात्र पलीकडे पोचवायचा. डिजिटल आयसोलेटर हेच करतो. ही कल्पना जुनी आहे. एलईडीनं लुकलुकायचं आणि पलीकडच्या प्रकाशसंवेदकानं ते वाचायचं. आताच्या यूएसबी आयसोलेटरच्या चिपमध्ये बहुधा दोन सूक्ष्म वेटोळी असतात आणि मध्ये केसाहूनही पातळ असा पॉलिइमाइडचा थर. या वेटोळ्यातला ठोका चुंबकीय क्षेत्रातून त्या वेटोळ्याला कळतो, प्रवाह मात्र ओलांडत नाही. दोन बाजूंमधली धारकता असते दोन-एक पिकोफॅरड, म्हणजे त्या कपॅसिटरच्या हजारावा हिस्सा. साहजिकच गळतीही त्याच प्रमाणात घटते. इंटरफेसला लागणारे ५ व्होल्ट पलीकडे नेण्यासाठी डबीत छोटा ट्रान्सफॉर्मर असतो, त्याच्यामुळे थोडी भर पडते. पण आपल्या कानांसाठी ती नगण्य आहे.

एक गैरसमज मात्र दूर करतो. या डबीनं तंबोरा 'गोड' होत नाही. लॅपटॉपमधून जाणारे शून्य आणि एक आधीही बरोबरच पोचत होते, गोंधळ होता तो त्यांच्या सोबत येणाऱ्या प्रवाहाचा. आवाज 'मखमली' करून देण्याच्या नावाखाली हीच वस्तू कित्येक पट भावानं विकतात. माझ्या मते ते पैसे तबलजींना द्यावेत.

घ्यायची असेल तर वेग बघा. स्वस्त डब्या सेकंदाला १२ मेगाबिटवर थांबतात. सीडीच्या दर्जाच्या स्टिरिओला जेमतेम १.४ लागतात, पण बरेच नवे इंटरफेस ४८० मेगाबिटच्या यूएसबीवरच धड चालतात आणि मंद डबीमागे हटून बसतात. आमची पहिली खरेदी अशीच वाया गेली. दुसरं म्हणजे, काही डब्या पलीकडे जेमतेम २०० मिलिॲम्पिअर देतात. कंडेन्सर माइकला वीज पुरवणाऱ्या इंटरफेसला तेवढी पुरत नाही. आणि हे सगळं नको असेल, तर इंटरफेस आणि मिक्सरच्या मध्ये साधा ऑडिओ ट्रान्सफॉर्मर लावला तरी आपल्या हॉलपुरतं काम भागतं. मला हे आधी सुचायला हवं होतं. पस्तीस वर्षं हाच विषय शिकवला!

सप्टेंबरमध्ये रिकाम्या हॉलमध्ये चाचणी घेतली. चार्जर लावलेला, प्रोजेक्टर चालू, सगळे फेडर वर. तंबोरा बंद केल्यावर फक्त एसीचा आवाज उरला. ताईंनी काळी पाचमध्ये सा लावला आणि या वेळी थांबल्या नाहीत.

ती डबी मंडळाच्या कपाटात मायक्रोफोनांच्या खोक्यात आहे, लाल चिकटपट्टी लावलेली. कृपया कुणी फोन चार्ज करायला घरी नेऊ नये.