नये पैसे, पिनकोड आणि घरबसल्या इतिहास

९ जूनचा जागतिक अभिलेख दिन झाला आणि दरवर्षीसारखी आवाहनं सुरू झाली: घरबसल्या तासभर द्या, आमचा संग्रह नोंदवायला मदत करा, अनुभवाची अट नाही. ही शेवटची ओळ मला खटकते. अट नसेलही, पण माहिती लागतेच. ती कुठली, हे आवाहनात लिहिलेलं नसतं.

ग्राफिक डिझाइनच्या इतिहासात सध्या सगळ्यांत मोकळं दार आहे ते अमेरिकेतल्या ‘पीपल्स ग्राफिक डिझाइन आर्काइव्ह’चं. कॅलिफोर्नियातल्या डिझायनर-प्राध्यापक लुईझ सँडहाउस यांनी पुढाकार घेऊन, ब्रायर लेव्हिट आणि इतर सहकाऱ्यांबरोबर ते उभं केलं. इथे इमारत नाही, कपाटं नाहीत, पांढरे हातमोजेही नाहीत. कोणीही यावं आणि पोस्टर, पाकीट, हस्तपत्रक, कच्चं रेखाटन, जुना पत्रव्यवहार, जे हाताशी असेल ते माहितीसह चढवावं. लेव्हिट यांनीच ‘ग्राफिक मीन्स’ (२०१७) हा माहितीपट केला. संगणक येण्याआधी पानं कशी लागायची, हा त्याचा विषय. वर्तमानपत्राच्या पेस्टिंग विभागात ज्यांनी ब्लेड आणि ब्रोमाइडशी झटापट केली आहे, त्यांनी तो जरूर पाहावा. ग्राफिक डिझाइनच्या इतिहासात त्याच त्या नावांची उजळणी होते, बाकीचे कामगार, बायका, गल्लीतले छापखाने गळून पडतात, ही या मंडळींची तक्रार. ती रास्त आहे.

पण दार उघडलं की माहिती आपोआप आत येते, यावर माझा विश्वास नाही. २००८ साली अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने काही हजार जुनी छायाचित्रं ‘फ्लिकर’वर मांडली आणि लोकांना सांगितलं, काय माहीत असेल ते लिहा. वर्ष संपायच्या आत लोकांनी ६७ हजारांहून जास्त टॅग लावले. ग्रंथालयाच्या मूळ यादीत त्यामुळे सुधारलेल्या नोंदी होत्या पाचशेच्या थोड्या वर. ‘निळा’, ‘सुंदर’, ‘जुनं’ असं लिहायला कोणालाही येतं. हा रस्ता कुठल्या गावातला, हे सांगणारा लाखात एक असतो आणि संग्रहाला तोच हवा असतो.

मराठी वाचकाला इथे खरा वाव आहे. छापील चिटोऱ्यांवर तारीख क्वचितच असते. तेलाच्या बाटलीचं लेबल, उदबत्तीचा पुडा, औषधाची जाहिरात. संग्रहात त्यांच्यासमोर ‘विसावं शतक’ एवढंच लिहिलेलं असतं. आता किंमत बघा. आण्यांत असेल तर बहुधा १ एप्रिल १९५७च्या आधीची, कारण त्या दिवशी दशमान नाणी आली. ‘नये पैसे’ असेल तर त्यानंतरची, आणि १९६४च्या फार पुढची नव्हे, कारण त्या वर्षी ‘नये’ गळलं. पत्ता बघा. ‘मुंबई ४’ म्हणजे जुना टपाल विभाग. ‘४०० ००४’ असेल तर १५ ऑगस्ट १९७२ला पिनकोड आल्यानंतरची छपाई. ‘मुंबई राज्य’ लिहिलं असेल तर १ मे १९६०च्या अलीकडे येता येत नाही. आणि मग शुद्धलेखन. ‘नांव’, ‘कांहीं’, ‘घरांत’ असे टिंबांचे शिडकावे असतील तर साहित्य महामंडळाच्या १९६२च्या नियमांआधीचा मजकूर असण्याचा संभव मोठा. संभवच म्हणतो, कारण जुन्या वळणाचे लेखक आणि आळशी छापखाने नियमांनंतरही टिंबं देत राहिले. तशी ‘मुंबई ४’ लिहायची सवयही पिनकोड आल्यावर लगेच सुटली नाही. म्हणून एका खुणेवर भिस्त ठेवायची नाही, दोन-तीन जुळवायच्या. नये पैसे, टिंबं आणि जुना टपाल विभाग हे तिन्ही एका लेबलवर सापडले की ‘विसावं शतक’ आक्रसून सहा-सात वर्षांवर येतं. सांगलीत किंवा न्यू जर्सीत बसलेल्या निवृत्त शिक्षिकेला हे पाच मिनिटांत जमेल. सॅन फ्रान्सिस्कोतल्या पदवीधर ग्रंथपालाला जमणार नाही.

जे घरून जमत नाही तेही सांगितलं पाहिजे. नोंदीतला ‘माध्यम’ हा रकाना पडद्यावरून भरणं म्हणजे अर्धी अटकळ. चित्र मोठं करून बघितलं आणि रंगीत ठिपक्यांच्या नीट रांगा, छोट्या फुलांसारखे पुंजके दिसले, तर बहुधा ऑफसेट म्हणता येतं. अक्षरांच्या कडेला शाईची गडद किनार असेल तर खिळ्यांची छपाई. शिळाप्रेसचे कण वेडेवाकडे असतात. पण कागद जाड की पातळ, खिळा किती रुतला, हे बोटांनाच कळतं. अशा वेळी रकाना कोरा सोडावा. उत्साही स्वयंसेवकाला नेमकं तेच जड जातं.

‘कर्ता’ हा रकाना मात्र आपण कोरा ठेवू नये. नाटकाच्या जुन्या जाहिरातीत लेखक असतो, दिग्दर्शक असतो, नटनट्या असतात, प्रयोगाची वेळ असते. ज्या अक्षरांमुळे ती जाहिरात लांबून ओळखू यायची, ती काढणाऱ्याचं नाव नसतं. अक्षररचनाकार कमल शेडगे यांचं अक्षर ओळखणारी माणसं अजून आपल्यात आहेत. शेडगे २०२० साली गेले. ओळखणारेही हळूहळू कमी होणार, आणि मग शीर्षकाची ती अक्षरं कोणत्याही शोधयंत्राला ‘अज्ञात’ म्हणूनच सापडतील. चित्रकार दीनानाथ दलालांची निदान चित्राच्या कोपऱ्यात सही असायची.

या सगळ्यात एक गोष्ट मला टोचते. फुकट मिळणारे हात दिसले की संस्था पगारी सूचीकाराची जागा भरायचं पुढे ढकलतात. अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संस्थेने २०१३ साली सुरू केलेल्या प्रतिलेखन केंद्रात एका स्वयंसेवकाचं काम दुसरा तपासतो आणि शेवटी संस्थेचा माणूस ते बघतो. शेवटचा हा माणूस पगारी आहे, म्हणून ती व्यवस्था चालते. आपल्याकडे एखाद्या ग्रंथसंग्रहालयाने स्वयंसेवक मागितले, तर पहिला प्रश्न हाच विचारावा: आम्ही भरलेलं तपासणार कोण? उत्तर ‘बघू’ असं आलं तर आपले तास दुसरीकडे द्यावेत.

आणि घरातले जुने दिवाळी अंक स्कॅन करून कुठे चढवणार असाल, तर मुखपृष्ठावर थांबू नका. १८६७च्या कायद्याने पुस्तकांवर आणि नियतकालिकांवर मुद्रकाचं नाव आणि छपाईचं ठिकाण घालणं सक्तीचं केलं होतं. ती बारीक ओळ बहुतेकदा शेवटच्या पानाच्या तळाशी किंवा अनुक्रमणिकेखाली असते. ती पानं पिवळी पडलेली, जाहिरातींनी भरलेली असतात, म्हणून स्कॅन करणारे नेमकी तीच गाळतात.