लागतो-विझतो दिवा आणि ओहमचा नियम

जुनी मोटारगाडी विकत घेतली की एक अनुभव पुष्कळांना येतो. रात्रीच्या प्रवासात फलकावरचा बॅटरीचे चित्र असलेला लाल दिवा मंद पेटतो आणि थोड्या वेळाने विझतो. दुसऱ्या दिवशी गाडी गॅरेजमध्ये न्यावी, तर दिवा लागतच नाही! मग अंदाजाने आधी बॅटरी बदलली जाते, नंतर अल्टरनेटर. हजारो रुपये खर्च होतात, आणि दिवा पुन्हा लागतो. असा येणारा-जाणारा दोष शोधायला शाळेत शिकवलेला ओहमचा नियम पुरतो. कसा, ते पाहू.

आधी हा दिवा काय सांगतो ते समजून घेऊ. तो बॅटरीची तपासणी करत नाही. अनेक जुन्या गाड्यांत दिव्याचे एक टोक चावीच्या स्विचमधून बॅटरीला आणि दुसरे टोक अल्टरनेटरला जोडलेले असते. चावी फिरवली, पण इंजिन अजून बंद आहे, अशा वेळी एका टोकाला १२ व्होल्ट, तर दुसरीकडे जवळजवळ शून्य, दिवा लागतो. इंजिन सुरू झाले की दोन्ही टोके सुमारे १४ व्होल्टवर येतात. फरक उरत नाही, दिवा विझतो. म्हणजे मंद पेटलेला दिवा इतकेच म्हणतो, ‘माझ्या दोन टोकांत थोडा फरक आहे.’ हा फरक अल्टरनेटर बिघडल्याने पडेल, तसाच वाटेतल्या एखाद्या खराब सांध्यामुळेही पडेल.

आता सांध्याकडे वळू. धातूचे दोन पृष्ठभाग वरून घट्ट बसलेले दिसले, तरी प्रत्यक्षात थोड्याच बिंदूंवर टेकतात. गंज किंवा हिरवट थर चढला, नट सैल झाला, की हे बिंदू आणखी कमी होतात आणि रोध वाढतो. इंजिनाची उष्णता, रस्त्याचे धक्के, पावसाळी दमट हवा यांनी तो सारखा बदलत राहतो. समजा, अल्टरनेटरपासून बॅटरीकडे जाणाऱ्या जाड तारेच्या सांध्यात ०.०७ ओहम रोध आला. ०.१ अँपिअर प्रवाहाला तिथे फक्त ०.००७ व्होल्टची घट होईल. कोणाच्या लक्षातही येणार नाही. पण रात्री हेडलाइट, पंखा आणि बॅटरीचे भरणे मिळून ३० अँपिअर वाहू लागले, तर घट २.१ व्होल्ट! दिवा रात्री का लागतो आणि दिवसा गॅरेजमध्ये का लपतो, याचे उत्तर इथे आहे. शिवाय २.१ गुणिले ३० म्हणजे ६३ वॅट उष्णता त्या एका सांध्यात निर्माण होते. तारेचे आवरण वितळायला ती पुरेशी आहे. म्हणून दुर्लक्ष परवडणारे नाही.

म्हणून शोधाचा पहिला नियम असा: दोष दिसतो ती परिस्थिती नोंदवा आणि तीच पुन्हा निर्माण करा. इंजिन गरम होते की थंड? दिवे चालू होते का? दुसरा नियम: प्रवाह वाहत असतानाच मोजा. साध्या मल्टिमीटरने रोध मोजला, तर इतका लहान रोध तारांच्या रोधातच हरवतो. त्याऐवजी इंजिन व हेडलाइट चालू ठेवून अल्टरनेटरचे जाड तारेचे टोक आणि बॅटरीचे धन टोक यांमधले व्होल्ट मोजावेत. अर्ध्या व्होल्टहून बरेच जास्त आले, तर एकेक सांधा ओलांडत मोजत जावे. मोठी घट जिथे, दोष तिथे. या वेळी हात व कपडे पट्ट्यापासून आणि पंख्यापासून दूर ठेवावेत. इंजिन चालू असताना बॅटरीची तार काढून पाहण्याची रीत तर सोडूनच द्यावी. दाब एकदम उसळून गाडीतील इलेक्ट्रॉनिक भाग जळू शकतात. तिसरा नियम: एका वेळी एकच बदल करा. एकदम चार गोष्टी बदलल्या, तर कशाने गुण आला ते कळत नाही.

मात्र प्रत्येक लागता-विझता दिवा विजेच्या दोषाचाच असतो असे नाही. ब्रेकच्या तेलाच्या टाकीत तरंगता स्विच असतो. तेल कमी झाले की वळणावर ते हिंदकळते आणि दिवा क्षणभर लागतो. तिथे दिवा खरेच सांगत असतो: ब्रेकचे पॅड झिजले आहेत किंवा तेल गळते आहे. इंजिन ऑइलच्या दाबाचा दिवा लागला, तर आधी इंजिन बंद करावे, कारण मागून शोधावे.

वर्गात हे सहज दाखवता येईल. दोन टॉर्च सेल, ३ व्होल्टचा बल्ब आणि कागदात गुंडाळून लपवलेला १० ओहमचा रोधक एकसरीत जोडा. बल्ब काढून होल्डरच्या टोकांवर मोजा: जवळजवळ पूर्ण ३ व्होल्ट. बल्ब बसवून पुन्हा मोजा: साधारण निम्मे किंवा त्याहूनही कमी. उरलेले व्होल्ट कुठे गेले, हे विद्यार्थ्यांनाच मीटरने शोधू द्यावे.