मोटारींतील गारवा आणि इंजिनाचा ताप



वैशाख महिना सुरू झाला कीं पुण्या-मुंबईचीं कितीतरी कुटुंबें मोटारीनें महाबळेश्वराकडे निघतात. वाई मागें पडून पसरणीचा घाट लागला म्हणजे रस्त्याच्या कडेला एखादी गाडी तोंड वासून उभी असलेली दिसते. पुढच्या झांकणाखालून वाफ निघत असते, मुलें दगडावर बसलेलीं असतात आणि कोणीतरी पाण्याची बाटली घेऊन आंत डोकावत असतो. नेमक्या याच क्षणीं पुष्कळांचे हात व तोंडें भाजतात. म्हणून गाडीच्या आंतील हवा कशी राखावी आणि इंजिन तापल्यास काय करावें, या दोन गोष्टींचा आज एकत्र विचार करूं. त्या दिसावयास निराळ्या असल्या, तरी उष्णतेच्या एकाच जमाखर्चाच्या त्या दोन बाजू आहेत.

प्रथम जमेची बाजू पाहूं. इंजिनांत जळणाऱ्या पेट्रोलच्या शक्तीपैकीं सुमारें चौथा ते तिसरा हिस्साच चाकें फिरविण्याच्या कामीं येतो. उरलेली शक्ति उष्णतेच्या रूपानें कांहीं धुराबरोबर निघून जाते आणि कांहीं इंजिनाच्या धातूंत शिरते. जळत्या वायूचें उष्णतामान २,००० अंशांच्याहि वर जातें. ॲल्युमिनियम तर ६६० अंशांवर वितळतें. असें असतां इंजिन वितळत नाहीं, याचें श्रेय त्याच्या अंगांतून अखंड फिरणाऱ्या पाण्याला आहे. हें पाणी धातूची उष्णता घेऊन पुढच्या जाळीकडे, म्हणजे रेडिएटरकडे, जातें. तेथें बारीक नळ्यांतून वाहतांना तें ती उष्णता वाऱ्याच्या स्वाधीन करितें आणि निवून परत येतें. विल्हेल्म मायबाख या जर्मन यंत्रज्ञानें १९०० सालीं मर्सिडीज गाडीसाठीं मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर बनविला, तेव्हांपासून थोड्या जागेंत पुष्कळ पाणी निवविणें साध्य झालें.

या पाण्याच्या वाटेवर थर्मोस्टॅट नांवाचा एक द्वारपाल असतो. इंजिन थंड असतां तो रेडिएटरची वाट बंद ठेवतो आणि पाणी ८० ते ९० अंशांपर्यंत तापलें कीं ती उघडतो; कारण अति थंड इंजिनहि नीट चालत नाहीं. दुसरी महत्त्वाची वस्तु म्हणजे टाकीचें घट्ट झांकण. पाण्यावरील दाब वाढला कीं त्याचा उकळण्याचा अंश वाढतो, हें स्वयंपाकघरांतील प्रेशर कुकरमुळें आपणांस ठाऊक आहे. याच्या उलट महाबळेश्वरच्या उंचीवर हवेचा दाब कमी, म्हणून तेथें उघड्या भांड्यांतील पाणी ९५-९६ अंशांवरच उकळूं लागतें. मोटारींतील झांकण आंतील दाब बाहेरच्या हवेच्या जवळजवळ दुप्पट राखतें, त्यामुळें आंतील पाणी १२० अंशांच्या आसपास जाईपर्यंत उकळत नाहीं. ही गोष्ट लक्षांत ठेवावी. पुढें तिचेंच काम पडणार आहे.

आतां आंतील गारव्याकडे वळूं. माठाच्या अंगावरील ओल उडून जातांना माठांतील उष्णता घेऊन जाते, म्हणून पाणी गार होतें. गाडींतील यंत्राचें तत्त्व हेंच आहे. एक विशिष्ट द्रव डॅशबोर्डाच्या आंतील नळ्यांत उडून वायुरूप होतो व तेथील हवेची उष्णता शोषून घेतो. इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा कॉम्प्रेसर त्या वायूला दाबतो आणि रेडिएटरच्या पुढें बसविलेल्या दुसऱ्या जाळींत तो आपली उष्णता बाहेर टाकून पुन्हा द्रव होतो. म्हणजे यंत्र गारवा निर्माण करीत नाहीं; आंतली उष्णता उचलून बाहेर नेऊन टाकतें. ही जाळी रेडिएटरच्या पुढेंच असल्यामुळें रेडिएटरला मिळणारा वारा अगोदरच तापलेला असतो. शिवाय कॉम्प्रेसरचें ओझें इंजिनावर पडतें तें निराळेंच. चढावर, गर्दींत किंवा भर दुपारीं इंजिन तापूं लागल्यास गारवा प्रथम कां बंद करावयाचा, याचें उत्तर येथें आहे.

अमेरिकेंत पॅकार्ड कंपनीनें १९३९ सालीं हें यंत्र प्रथम विक्रीच्या मोटारींत बसविलें. त्या वेळीं तें बंद करावयाचें तर गाडी थांबवून, इंजिनाचें झांकण उघडून, कॉम्प्रेसरचा पट्टाच काढावा लागे! आज एका बटणावर तें काम होतें; मात्र त्या बटणांचा अर्थ समजून घेणारे थोडे असतात.

उन्हांत उभ्या केलेल्या गाडींत शिरतांच कांचा लावून गारवा सोडणें चुकीचें आहे. बाहेर ३५ अंश असतां बंद गाडींतील हवा तासाभरांत ५० अंशांच्या वर जाऊं शकते. म्हणून आधीं दारें व कांचा उघडून ती कोंडलेली हवा जाऊं द्यावी. गाडी थोडी चालली कीं कांचा लावून गारव्याचें बटण दाबावें. गाडीच्या चित्रांत आंतल्या आंत वळलेला बाण असतो, तें बटण दाबलें असतां आंतलीच हवा पुनःपुन्हा निवविली जाते व गारवा लवकर येतो. परंतु त्याच हवेंत माणसांचे उच्छ्वासहि सांचत जातात, डोकें जड होतें आणि गाडी हांकणाऱ्याला झांपड येते. यासाठीं मधून मधून बाहेरची हवा आंत घ्यावी. अगदीं तळाचा आंकडा लावल्यानें यंत्राची शक्ति वाढत नाहीं. २४ ते २६ अंश पुरेसे होतात.

पावसाळ्यांत पुढची कांच आंतून धुरकट होते, तेव्हां पुष्कळ लोक फडक्यानें पुसत बसतात. त्यापेक्षां गारव्याचें यंत्र चालू करून, उष्णतेची कळ थोडी वाढवून, बाहेरची हवा घेऊन झोत कांचेकडे वळवावा. थंड नळ्यांवर हवेंतील ओलावा पाणी होऊन गळून जातो आणि कोरडी, कोमट हवा कांच क्षणांत स्वच्छ करिते.

येथें दोन गोष्टी घरांतील सर्वांस निक्षून सांगावयाच्या आहेत. ‘दोन मिनिटांत येतों’ असें म्हणून मुलाला बंद गाडींत कधींहि ठेवूं नये. लहान मुलाचें शरीर प्रौढाहून पुष्कळ लवकर तापतें आणि तें दार उघडूं शकत नाहीं. तसेंच, बंद गॅरेजमध्यें इंजिन चालू ठेवून गारव्यांत बसूं नये किंवा झोंपूं नये; धुरांतील कार्बन मोनॉक्साइड हा रंग व वास नसलेला विषारी वायु माणसाचा प्राण न कळत घेतो.

आतां तापलेल्या इंजिनाकडे येऊं. कांटा लाल खुणेकडे सरकूं लागला, किंवा लाल दिवा लागला, तर गारवा ताबडतोब बंद करावा. नंतर कांचा उघडून, उष्ण हवेची कळ पूर्ण फिरवून पंखा मोठा करावा. उन्हाळ्यांत ही सूचना विपरीत वाटेल. पण आंत येणारी ती उष्णता इंजिनाच्याच पाण्याची असते, म्हणजे आपणांस एक लहानसा जादा रेडिएटर मिळतो. एवढें करूनहि कांटा उतरला नाहीं, किंवा वाफ दिसली, तर सुरक्षित जागा पाहून गाडी कडेला घ्यावी आणि इंजिन बंद करावें. उष्ण हवेची कळ पूर्ण फिरवूनहि झोत थंडच येत असेल, तर पाणी बहुधा फारच कमी झालें आहे असें समजावें. मग एक फर्लांगहि पुढें जाऊं नये. तापलेला ॲल्युमिनियमचा माथा वाकतो, त्याखालची गॅस्केट फुटते आणि शे-दीडशे पावलांच्या घाईची किंमत सबंध इंजिनानें द्यावी लागते.

यानंतरचा नियम सर्वांत महत्त्वाचा: तापलेल्या इंजिनाच्या टाकीचें झांकण उघडूं नये. आंतील पाणी शंभराहून अधिक अंशांवर केवळ दाबामुळें पाणी राहिलेलें असतें. झांकण सैल होतांच तो दाब नाहींसा होतो, त्या पाण्याचा कांहीं भाग तत्क्षणीं वाफ बनतो आणि उकळत्या पाण्याचें कारंजें उघडणाऱ्याच्या चेहऱ्यावर उडतें. कुकरचा दाब उतरल्यावांचून त्याचें झांकण न काढणारी गृहिणी जो संयम रोज पाळते, तोच येथें पाळावयाचा. निदान अर्धा तास थांबावें. वरची नळी हाताला सोसवेल इतकी निवल्यावर झांकणावर जाड फडकें टाकून, तोंड दूर ठेवून, तें हळूहळू फिरवावें. फुसकारा ऐकूं आल्यास थांबावें. मग थोडें थोडें पाणी घालावें. तापलेल्या इंजिनावर किंवा त्याच्या पोटांत एकदम थंड पाणी ओतूं नये. आकसणारा धातु तडकतो.

घाटांतलें पाणी ही तात्पुरती सोय होय. पाणी कमी झालें तें कोठून, हें घरीं परतल्यावर शोधलेंच पाहिजे. रबराची नळी फाटली आहे काय, पट्टा सैल आहे काय, विजेचा पंखा फिरतो काय, जाळींत चिखल व किडे अडकले आहेत काय, हें पाहून घ्यावें. नुसत्या पाण्याऐवजीं सांगितलेल्या प्रमाणांत कूलंट घालावा. त्यानें गंज आवरतो व उकळण्याचा अंशहि वाढतो. मात्र पुष्कळ कूलंटांत असणारा इथिलिन ग्लायकॉल चवीला गोड पण विषारी असतो. तो मुलांच्या व कुत्र्या-मांजरांच्या वाटेंत सांडूं देऊं नये.

घाट चढण्यापूर्वीं सकाळीं, इंजिन थंड असतांना, टाकींतील पाण्याची पातळी पाहावी. चढावर खालचा गिअर घ्यावा आणि कांटा वर जाऊं लागल्यास गारव्याचा मोह आवरावा. मुक्कामाला अर्धा तास उशिरां पोंचल्यानें कोणाचें कांहीं बिघडत नाहीं. महाबळेश्वरची थंड हवा तोंवर कोठें जात नाहीं.