गणवेशाचे माप

विदर्भातील शाळा जूनच्या अखेरीस उघडतात, आणि नेमक्या त्याच सुमारास धानाच्या पट्ट्यात शेतकऱ्याच्या हाती पैसा नसतो. बियाणे, खत, नांगरणी आणि पुढे रोवणीची मजुरी हे सारे खर्च दाराशी उभे असताना शाळेच्या गणवेशाचा खर्चही त्यांच्या रांगेत येऊन उभा राहतो. पवनीच्या बाजारात त्या दिवसांत कापड दुकानांपुढे जी गर्दी होते, ती पाहणाऱ्याला सणाची वाटावी. परंतु भाव ऐकून, कापड हाताळून, मुलाचा हात धरून मागे फिरणारे पालकही त्याच गर्दीत असतात. वैनगंगेकाठचे हे गाव एकेकाळी कोष्टी विणकरांच्या हातमागासाठी ओळखले जाई. कापडाचे मोल येथे कोणाला शिकवावे लागत नाही. माझ्या शिक्षकी आयुष्याचा मोठा भाग याच तालुक्यात गेला, आणि गणवेशाविषयीचे माझे शिक्षणही येथेच, काहीसे उशिरा, झाले.

सुमारे पंचवीस वर्षांपूर्वीची गोष्ट. मी ज्या शाळेत होतो, तिने अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी गणवेशाचा नियम एकाएकी कडक केला. तोवर पांढरा सदरा आणि कोणतीही गडद विजार चालत असे. नव्या नियमाप्रमाणे विजार ठरावीक रंगाचीच, पायांत काळे बूट, आणि दोन सूचनांनंतर वर्गात प्रवेश बंद. आठवडाभरात बारावीच्या मुलांनी एक अर्ज आणून दिला. रेघी कागद, सुवाच्य अक्षर, वर ‘प्रति’, मध्ये ‘विषय’, खाली ओळीने सह्या. अर्जाची रीत आम्हीच त्यांना शिकवली होती. मागण्या दोनच होत्या. नवी विजार दिवाळीनंतर, म्हणजे धान विकले गेल्यावर, घेण्याची मुभा असावी. आणि पावसाळा संपेपर्यंत चपला चालाव्यात, कारण बांधावरून चिखल तुडवीत येणाऱ्यांचे बूट टिकत नाहीत. तो अर्ज मुख्याध्यापकांपर्यंत नेणे वर्गशिक्षक या नात्याने माझे काम होते. मी तो टेबलाच्या खणात ठेवला. ‘आज विजारीसाठी अर्ज, उद्या परीक्षेसाठी कराल,’ असे काहीसे त्या मुलांना म्हटल्याचेही आठवते.

त्या सह्यांपैकी एक मुलगा प्रार्थनेच्या वेळी तीनदा परत पाठवला गेला. चौथ्या वेळी तो आलाच नाही. पुढे एकदा तो बाजारात धानाचे कट्टे उचलताना दिसला. त्याने मान लववून नमस्कार केला आणि तो पुन्हा कामाला लागला. बुटांमुळेच त्याचे शिक्षण थांबले असे मी म्हणणार नाही. घरची ओढाताण होतीच. परंतु घर त्याला शाळेबाहेर ओढत असताना शाळेने त्याला आत ओढायचे असते. आम्ही दारात उभे राहून त्याला बाहेर जाण्याचे आणखी एक कारण दिले.

गणवेश मुळात कशासाठी असतो? त्याचे समर्थन करणारे सांगतात, आणि ते खरेच आहे, की गणवेशामुळे श्रीमंत-गरीब हा भेद निदान वर्गाच्या चार भिंतींत झाकला जातो. सावकाराचा मुलगा आणि मजुराचा मुलगा एकाच रंगाच्या सदऱ्यात एका बाकावर बसतात, ही लहान गोष्ट नव्हे. पण जो नियम समतेसाठी जन्माला आला तोच गरिबाला दाराबाहेर काढू लागला, तर त्याने आपल्या जन्माचे प्रयोजन गमावले असे म्हणावे लागेल. शासकीय व स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांत पहिली ते आठवीपर्यंत मोफत गणवेशाची योजना आहे. नववीपासून तो आधार सुटतो आणि शाळांचे नियम कडक होऊ लागतात तेही याच वयात. म्हणून मोठ्या विद्यार्थ्यांच्या गणवेशाचा प्रश्न शिस्तीपुरता मर्यादित राहत नाही. तो खिशाचा, श्रद्धेचा आणि स्वाभिमानाचाही होतो.

चेंबूरचा धडा

या प्रश्नाने अलीकडे सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठावले, ते मुंबईतील चेंबूरच्या ना. ग. आचार्य आणि दा. कृ. मराठे महाविद्यालयाच्या निमित्ताने. २०२३ च्या ऑगस्टमध्ये तेथे कनिष्ठ महाविद्यालयाचा गणवेश सक्तीचा झाल्यानंतर बुरखा घालून आलेल्या विद्यार्थिनींना प्रवेशद्वारावर अडवण्यात आले. २०२४ मध्ये पदवीच्या विद्यार्थ्यांसाठीही वेशसंहिता आली: पोशाख औपचारिक व शालीन असावा, त्यातून धर्म प्रकट होऊ नये, बुरखा, नकाब, हिजाब, टोपी, बिल्ला यांना मनाई. विज्ञान शाखेच्या नऊ विद्यार्थिनींनी त्याविरुद्ध उच्च न्यायालयात दाद मागितली. २६ जून २०२४ रोजी न्या. अतुल चांदूरकर व न्या. राजेश पाटील यांच्या खंडपीठाने याचिका फेटाळली. नियम सर्वांना सारखा लागू आहे, तो शिस्तीसाठी आहे आणि संस्थेला आपला कारभार चालवण्याचा अधिकार आहे, असा त्या निर्णयाचा आशय होता. दुसऱ्याच दिवशी महाविद्यालयाने फाटक्या जीन्स, टी-शर्ट, जर्सी यांनाही बंदी घातली. ज्यांना प्रश्न एका धर्माच्या मुलींपुरता वाटत होता, त्यांना तो आपलाही आहे हे एका रात्रीत कळले.

९ ऑगस्ट २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयात न्या. संजीव खन्ना व न्या. संजय कुमार यांनी हिजाब, टोपी व बिल्ला यांच्यावरील बंदीला अंतरिम स्थगिती दिली. वर्गात बुरखा चालणार नाही आणि या आदेशाचा कोणी गैरवापर करू नये, हेही त्यांनी त्याच वेळी स्पष्ट केले. सुनावणीत न्यायमूर्तींनी विचारलेले प्रश्न साधे होते. नावावरून धर्म कळत नाही काय? मग मुलांना क्रमांकाने हाक मारणार काय? कपाळावरच्या टिळ्याचे काय करणार? हे प्रश्न कायद्याच्या ग्रंथातले नव्हते. आपल्या गावातली एखादी शहाणी आजीही ते विचारू शकली असती. उन्हाळ्यात पवनीच्या रस्त्याने सायकलवरून जाणारी जवळजवळ प्रत्येक मुलगी उन्हापासून बचावासाठी डोके व चेहरा ओढणीने गुंडाळून घेते. त्या ओढणीला कोणी धर्म विचारीत नाही. कापड तेच, अर्थ पाहणाऱ्याच्या डोळ्यांत असतो.

यापूर्वी कर्नाटकातील हिजाब प्रकरणी १३ ऑक्टोबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींमध्येच मतभेद झाला होता. न्या. हेमंत गुप्ता यांनी बंदी योग्य मानली, न्या. सुधांशु धुलिया यांनी मात्र त्या मुलींच्या शिक्षणाचा प्रश्न सर्वांत पुढे ठेवला. डोक्यावरच्या कापडामुळे तिला शिक्षण नाकारून आपण तिचे आयुष्य अधिक चांगले करतो आहोत काय, अशी त्यांची विचारणा होती. देशातल्या सर्वोच्च न्यायपीठालाही जेथे एकमत गाठता येत नाही, तेथे एखाद्या संस्थेने एका सूचनापत्रात प्रश्न निकाली काढावा, याला आत्मविश्वास म्हणावे की घाई?

शिक्षकांवर पाळी आली तेव्हा

कोणी म्हणेल, विद्यार्थ्यांना विचारून नियम करायचे तर शाळा चालायची कशी? विचारले की ते जीन्सच मागणार! हा आक्षेप घेणाऱ्या माझ्या व्यवसायबंधूंना मी २०२४ च्या मार्च महिन्याची आठवण देईन. शालेय शिक्षण विभागाने तेव्हा शिक्षकांच्या पोशाखाविषयी सूचना काढल्या. जीन्स व टी-शर्ट नको. शिक्षिकांनी साडी अथवा सलवार-कुर्ता, शिक्षकांनी शर्ट-पँट, तीही शर्ट आत खोचून. शिक्षकांच्या खोल्यांतून तेव्हा एकच सूर उमटला: आम्हाला विचारले का? शर्ट खोचल्याने गणित अधिक चांगले शिकवता येते काय? प्रश्न रास्त होते. मात्र तेच प्रश्न इयत्ता अकरावीच्या तोंडून आले की आपण त्यांना उद्धटपणा म्हणतो. वय वाढले की तर्क बदलत नाही. फक्त तो ऐकून घेण्याची आपली तयारी बदलते.

आणि हे विद्यार्थी वयाने तरी असे किती लहान आहेत? मतदानाचे वय १९८९ मध्ये एकवीसवरून अठरा झाले. म्हणजे बारावीच्या वर्गातील अनेक जण वर्षभरात आमदार-खासदार निवडणार आहेत. ज्या बालहक्क संहितेला भारताने १९९२ मध्ये मान्यता दिली, तिच्या बाराव्या कलमानुसार मुलाशी संबंधित बाबींत त्याला आपले मत मांडण्याचा हक्क आहे, आणि त्या मताला त्याच्या वयाच्या व समजेच्या प्रमाणात वजन द्यायचे आहे. हे कलम विद्यार्थी म्हणेल ते मान्य करा असे सांगत नाही. ते ऐका, असे सांगते.

शिस्तीचा पाया डळमळेल ही भीतीही तपासून पाहण्यासारखी आहे. केरळातील तीन शाळकरी भावंडे श्रद्धेमुळे राष्ट्रगीत गात नसत, पण त्या वेळी अदबीने उभी राहत. १९८५ मध्ये त्यांना शाळेतून काढून टाकण्यात आले. १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत घ्यायला लावले. त्याआधी, १९६५ च्या डिसेंबरमध्ये, अमेरिकेतील काही विद्यार्थ्यांनी व्हिएतनाम युद्धाच्या निषेधार्थ दंडाला काळी फीत बांधली म्हणून त्यांना निलंबित केले गेले होते. १९६९ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. या निकालांनी दोन्ही देशांतल्या शाळा काही कोसळल्या नाहीत. निमूट वेगळेपण म्हणजे बेशिस्त नव्हे, एवढेच त्यांनी सांगितले.

माप न घेता शिवलेला कपडा

ज्याच्या अंगावर कपडा जायचा त्याला न विचारता घेतलेला निर्णय किती फसतो, याचा दाखला आपल्या राज्याने अलीकडेच पाहिला. ‘एक राज्य, एक गणवेश’ या धोरणाखाली २०२४-२५ मध्ये पहिली ते आठवीच्या गणवेशाची व्यवस्था शाळांच्या हातून काढून राज्यपातळीवर नेण्यात आली. हेतू वाईट होता असे नाही. शिलाईचे काम महिला बचत गटांना मिळावे ही कल्पना तर स्वागतार्हच होती. पण कपडे उशिरा आले आणि आले तेव्हा अनेकांना बसेनात, अशा तक्रारी ठिकठिकाणाहून झाल्या. अखेर २०२४ च्या डिसेंबरमध्ये शासनाने ही जबाबदारी पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे सोपवली. या समित्यांत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात. मंत्रालयाला जे कळायला एक वर्ष लागले, ते पवनीच्या शिंप्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक असते: आधी माप, मग कात्री.

मोठ्या विद्यार्थ्यांच्या बाबतीत ‘माप घेणे’ म्हणजे काय, हे सांगणे अवघड नाही. नववी ते बारावीसाठी नियम करायचा असेल तर त्याचा मसुदा सत्र संपण्यापूर्वी विद्यार्थी व पालक यांच्यापुढे ठेवावा, म्हणजे खर्चाची तजवीज करायला सवड मिळेल. विद्यार्थ्यांचा लेखी आक्षेप आला तर त्याला लेखी उत्तर द्यावे. नकार असला तरी कारणासह द्यावा. गणवेशाच्या चौकटीतच श्रद्धेला जागा करता येते. केंद्रीय विद्यालयांनी गणवेशाच्या रंगाशी जुळणारा डोईचा रुमाल चालवून घेतला, आणि त्याने तेथील शिस्त बिघडली नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, पोशाखाच्या कारणास्तव कोणालाही तासाला मुकवू नये. समज द्यावी, पालकांना बोलवावे, पण वर्गाचे दार बंद करू नये. ज्या शिक्षेत शिक्षणच हिरावले जाते ती शिक्षा शाळेला शोभत नाही.

विद्यार्थ्यांचा प्रत्येक विरोध योग्यच असतो असा दावा कोणी करू नये. गणवेश नको म्हणणाऱ्यांत महागड्या कपड्यांची मिरवणूक काढू पाहणारेही असतात, आणि त्यांना ‘नाही’ म्हणण्याचा शाळेला पूर्ण अधिकार आहे. परंतु हौस आणि अडचण, मिरवणे आणि श्रद्धा यांतला फरक मुलांचे म्हणणे ऐकल्याशिवाय कळायचा कसा? नागरिकशास्त्राच्या तासाला आपण शिकवतो की तक्रार सनदशीर मार्गाने मांडावी. मुले तसे करतात तेव्हा त्यांचा अर्ज खणात ठेवणे म्हणजे तो धडा खोटा होता असे त्यांना सांगणे. मग पुढे ती घोषणा देऊ लागली किंवा गप्प राहायला शिकली, तर दोन्हीचे पाप आपल्याच माथी येते.

निवृत्तीच्या वेळी टेबलाचा खण रिकामा करताना तो अर्ज मला पुन्हा सापडला. कागद पिवळा पडला होता, सह्या मात्र स्पष्ट होत्या. वरिष्ठांच्या शेऱ्यासाठी डावीकडे समास सोडावा असे मीच त्या मुलांना शिकवले होते, आणि त्यांनी तो नेमका सोडला होता. तो समास कोराच होता.