सिंहलद्वीपास जाणारांसाठीं

मुंबईहून विमानानें सुमारें अडीच तासांत कोलंबो येतें. घड्याळहि फिरवावें लागत नाहीं. २००६ सालापासून तेथील व आपली वेळ एकच आहे. या जवळिकीमुळें पुष्कळ कुटुंबें रामेश्वरास निघावें तशीं सहज श्रीलंकेस निघतात. परंतु ज्या घरांत वृद्ध माणसें आहेत आणि ज्यांचा शाकाहाराचा नेम आहे, त्यांनीं पाऊस व जेवण या दोन गोष्टींचा विचार तिकिटापूर्वींच करावा.

आपला पावसाळा एक, तेथील दोन. मे ते सप्टेंबर नैर्ऋत्येचा पाऊस कोलंबो, गॉल व डोंगरांचा पश्चिम उतार भिजवितो. पूर्वेकडील त्रिंकोमाली मात्र त्या डोंगरांच्या आडोशास बहुधा कोरडें राहतें. डिसेंबर ते फेब्रुवारी ईशान्येचे वारे वाहूं लागले कीं हें सारें उलटतें. तेव्हां मे महिन्याच्या सुटींत जाणारांनीं पूर्वकिनारा धरावा, नाताळांत जाणारांनीं नैर्ऋत्य किनारा. दिवाळीच्या सुटीचा मोह मात्र आवरावा. त्या सुमारास दोन्हीकडे पाऊस लागतो व वादळाचें भय असतें. २०२५ च्या नोव्हेंबरांतील चक्रीवादळांत डोंगराळ भागांत दरडी कोसळून मोठी प्राणहानि झाली. सीता एलियाचें सीतामंदिर त्याच डोंगरांत आहे. जनश्रुति तेथें अशोकवन दाखविते, म्हणून आजीबाईंचा आग्रह बहुधा तिकडे जाण्याचा असतो. जवळचें नुवारा एलिया सहा हजार फुटांहून उंच आहे. लोंकरी शाल विसरूं नये.

खरी अडचण जेवणाची. वाळवून कठीण केलेला मालदीवचा मासा, ज्यास ‘उंबलकड’ म्हणतात, तो कुटून नारळाच्या ‘पोल संबोल’ या चटणींत व भाज्यांतहि घालतात. आपण फोडणीस हिंग घालावा तसा तो पडतो, आणि वाढणारास तो मासा वाटतच नाहीं! म्हणून ‘मांसमच्छी नको’ एवढ्यानें भागत नाहीं. ‘उंबलकड एपा’, म्हणजे ‘उंबलकड नको’, असें स्पष्ट सांगावें. आपल्या कोंकणांतील शिरवाळ्यांची आठवण देणारे ‘इंदिआप्प’, नारळाच्या दुधांतील मसुरीचें वरण ‘परिप्पु’ व तशाच दुधांत शिजविलेला भात ‘किरिबत’ हे पदार्थ आपणांस रुचतात. सोबतचा मिरचीचा ठेंचा तेवढा विचारून घ्यावा. कोलंबोंत व जाफन्यास तमिळ शैवांच्या खाणावळी आहेत. सोवळ्याओवळ्याची नव्हे, पण मासळीची काळजी तेथें उरत नाहीं.

प्रत्येक पौर्णिमेस ‘पोया’ची सार्वजनिक सुटी असते, पैशांचीं कामें आदल्या दिवशीं उरकावीं. विहारांत खांदे व गुडघे झांकलेले असावे, जोडे व टोपी काढावी, आणि बुद्धमूर्तीकडे पाठ करून छायाचित्र काढूं नये. अनुराधपुराची फरशी दुपारीं फार तापते, म्हणून पायमोजे जवळ ठेवावे. सिगिरियाच्या पायऱ्या सुमारें १,२०० आहेत. गुडघे दुखणारांनीं खालच्या उद्यानांतच बसावें, इतरांनीं सकाळीं लौकर चढावें.

हिवताप तेथून गेला असें जागतिक आरोग्य संघटनेनें २०१६ सालीं जाहीर केलें. डेंग्यू मात्र आहे आणि त्याचा डांस दिवसा चावतो. मुलांना पुऱ्या बाह्यांचे कपडे घालावे. तहानेस रस्त्याकडेचें नारिंगी शहाळें, ‘थंबिली’, उत्तम. तें समोर फोडून घ्यावें.